वारा पडतो तेव्हा

सकाळचे साडेनऊ. पूर्णगड डावीकडे मागे पडला होता आणि विजयदुर्ग अजून चौदा-पंधरा सागरी मैल पुढे. रात्री दोनला जयगडला नांगर उचलला तेव्हापासून जमिनीवरच्या वाऱ्यानं आम्हाला गुमान दक्षिणेला नेलं होतं. तो वारा आधी ढिला झाला, मग अडखळला, मग गेलाच. मोठं शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं आणि शिडाखालची आडवी काठी प्रत्येक लाटेसरशी डावी-उजवीकडे आपटू लागली. कप्तानांनी ती दोरीनं जखडून टाकली, सुकाणू सोडून दिलं आणि म्हणाले, "चला, आता पोहे करू. अकरा-साडेअकरापर्यंत आपल्याला काही काम नाही."

बोटीला इंजिन होतं. ते सुरू करायचं नाही, ही अट माझी होती आणि माझ्यावर ती संपादकांनी घातली होती. अंकाचा विषय 'पाणवाटा'. "किल्ल्यावर गाडीनं जाऊन लिहिणारे ढीगभर आहेत. तुम्ही वाऱ्यानं जा आणि मग लिहा," असं फोनवर सांगून ते मोकळे झाले. बोटीची सोय झाली ती एका स्नेह्यांच्या ओळखीनं. कप्तान सत्तरीचे, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले. सोबत त्यांची भाची, आठवडाभर पुण्याच्या आयटी कंपनीत आणि शनिवार-रविवार पाण्यावर. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीही मामाच म्हणायला लागलो.

बोट लागते म्हणजे

मराठीत माणसाला बोट लागते. एसटीत, घाटात, पाळण्यातसुद्धा बोटच लागते. कोकणातल्या आगबोटींनी भाषेत सोडलेली ही खूण मी आयुष्यभर वापरली, पण तिचा मूळ अर्थ पहिल्या दिवशी खांदेरी ओलांडल्यावर समजला. तपशील सांगत नाही. एवढंच सांगतो की खाली केबिनमध्ये जाऊन पडणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि क्षितिजाकडे बघत सुकाणू हातात धरून बसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आमची बोट बत्तीस फुटी, एका डोलकाठीची. पोटाखाली शिशाचं वजन भरलेला पंख्यासारखा एक भाग असतो, त्याला कील म्हणतात. तो धरून तिला पावणेसहा फूट पाणी लागतं. वारा बोटीला आडवं पाडू बघतो, कील तिला उभं ठेवते. मुंबई ते विजयदुर्ग पाण्यानं साधारण १४० सागरी मैल. आम्ही ताशी चार-पाच मैलांनी, म्हणजे जोरात चालणाऱ्या माणसापेक्षा थोडं भरभर, दिघी आणि जयगडला थांबत तिसऱ्या दिवशी इथवर आलो होतो.

या वाटेचं वेळापत्रक आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. खारे वारे आणि मतलई वारे, फरक स्पष्ट करा. परीक्षेला तेवढ्यापुरतं लिहिलं आणि विसरलो. पावसाळा सरला की वैशाखापर्यंत कोकण किनाऱ्यावर हा फरक घड्याळासारखा चालतो. मध्यरात्रीनंतर जमीन समुद्राहून गार होते आणि हवा जमिनीकडून पाण्यावर उतरते, ती मतलई. सूर्य वर आला की तिचा जीव जातो. जमीन तापेपर्यंत मधले दीड-दोन तास नुसतं आरशासारखं पाणी. मग वायव्येकडून खारा वारा सुटतो, तीन-चारपर्यंत चढतो आणि दिवेलागणीनंतर निवतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही वारे कामाचे. उत्तरेला परतणाऱ्यानं मात्र दुपारी वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढत बसायचं, नाहीतर सगळा प्रवास रात्रीच उरकायचा.

रात्रीची भीती वाऱ्याची नसते, जाळ्यांची असते. हर्णैच्या बाहेर एका जाळ्याची दोरी आमच्या कीलला अडकली आणि बोट जागच्या जागी उभी राहिली. भाचीनं सुरी काढली तोच अंधारातून एक होडी आली. "कापू नका हो, कापू नका!" तांडेलानं बांबूनं दोरी खाली दाबली, आम्ही शीड सोडून बोट मागे सरकू दिली, दोरी सुटली. चूक सर्वस्वी आमची होती. त्याच्या बोयावरचा लुकलुकता दिवा मी चांदणी समजलो होतो. तो काही बोलला नाही. फक्त जाताना म्हणाला, "पायात जाळी आली की समजायचं, आपण कुणाच्या तरी शेतात आहोत."

दोन तासांचं राज्य

पोहे खाऊन झाले. पाण्यावर पडलेली कांद्याची साल पंधरा मिनिटांनीही बोटीच्या कडेलाच होती. दूर पश्चिमेला एक मालवाहू जहाज यंत्राच्या जोरावर सरळ रेषेत चाललं होतं, पण शिडानं जाणाऱ्याला या वेळी कुठलीच दिशा नसते. सुकाणू फिरवून पाहिलं. बोट चालत असेल तरच सुकाणू लागू पडतं. वारा गेला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हळूहळू भलतीकडे वळते आणि आपण नुसते बघत राहतो.

आंग्र्यांच्या आरमाराबद्दल मी बरंच वाचलं होतं. त्यांची गलबतं आणि गुराबा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांपुढे किरकोळ. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, पुढची नाळ पाण्यावर लांब झुकलेली आणि तिच्यावर थेट समोर डागायच्या तोफा. गलबत लहान, सत्तर टनांच्या आतबाहेर, पण त्याला चाळीस-पन्नास वल्हेकरी. असल्या ताफ्यानं पन्नास वर्षं या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज, डच या सगळ्यांना जेरीस कसं आणलं, हे वाचून पटत नव्हतं. त्या सकाळी, हातात रिकामी ताटली घेऊन बसलेलो असताना पटलं.

वारा पडला की मोठं जहाज असंच आमच्यासारखं होतं. त्याच्या पन्नास-साठ तोफा दोन्ही कुशींना बसवलेल्या, त्यांचं तोंड बाजूला. शेपटाकडे मोजक्या. जहाज वळवता आलं तर त्या कुशी शत्रूकडे करता येणार, आणि वळवायला वारा हवा. इकडे खाडीतून वल्ही मारत गलबतं निघायची, गुराबांना दोरानं ओढत आणायची आणि जहाजाच्या पाठीमागे नेऊन उभी करायची. तोफांचा पहिला रोख डोलकाठ्यांवर आणि शिडांच्या दोरांवर, म्हणजे नंतर वारा सुटला तरी जहाज पांगळंच. मग गलबतांतली माणसं चहूबाजूंनी चढायची. शत्रू जबरदस्त निघालाच तर उथळ खाडीत पळायचं. तिथं पाच-सहा मीटर पाणी लागणारं जहाज मागे येऊ शकत नाही.

शौर्य होतंच, ते कुणी नाकारत नाही. पण आपल्याकडे आरमाराचा इतिहास सांगताना शौर्यावरच इतका भर पडतो की घड्याळ राहून जातं. रोज सकाळी दोन तास हा समुद्र वल्ह्यांच्या मालकीचा असतो, हे ज्याला ठाऊक त्याचं राज्य.

"अकरा वीस," भाची म्हणाली. वायव्येला पाण्याचा रंग गडद झाला होता. ती गडद रेघ आमच्याकडे सरकत आली, गालाला गार लागलं आणि शीड फट्ट आवाज करून भरलं.

"खयसून इलात?"

विजयदुर्गाला गाडीनं गेलं की आधी गाव लागतं, मग एसटी स्टँड, मग बाजूनं किल्ला. पाण्यातून नेमकं उलटं. आधी नुसता काळा कातळ, मग कातळावर बसलेला तट, मग एकात एक तीन तट, आणि किल्ल्याचं टोक वळून आत गेल्यावर त्याच्या पाठीशी लपलेलं बंदर. बाहेरच्या लाटा त्या वळणावर एकदम थांबतात. एवढा वेळ कलंडून चाललेली बोट सरळ उभी राहिली आणि खालच्या भांड्यांचा खडखडाट बंद झाला. वाघोटणच्या खाडीचं हे तोंड कोकणातल्या बहुतेक खाड्यांपेक्षा वेगळं आहे. मुखाशी वाळूचा पट्टा नाही. कुठल्याही भरती-ओहोटीला आत येता येतं, आणि पावसाळ्याच्या तोंडी मोठ्या जहाजांनाही आसरा मिळतो. शिलाहार राजा दुसरा भोज यानं इथं किल्ला बांधला आणि आदिलशाहीकडून तो घेताना १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी याच जागेची निवड केली, त्याचं कारण समजून घ्यायला नकाशा लागत नाही. तीन दिवस हेलकावे खाल्लेलं पोट पुरतं.

आम्ही नांगर टाकायच्या तयारीत होतो तेव्हा एक होडी शेजारून आली. त्यातल्या म्हाताऱ्यानं आमच्या बोटीकडे बराच वेळ पाहिलं.

"खयसून इलात?"

"मुंबईहून."

"ह्या शिडार? किती दीस?"

"तीन."

त्यानं जरा विचार केला. "यष्टीन येक रात." मग दया आल्यासारखं पुढे म्हणाला, "हय नको टाकू नांगर. हय खाली खडपा आसत. थय चिखल आसा, थय धरतलो."

त्यानं दाखवलेल्या जागी नांगर पहिल्या फटक्यात धरला.

बंदराच्या ऑफिसात नोंद करायला गेलो. रजिस्टरात बोटीच्या प्रकारासाठी रकाना होता. मासेमारी, मालवाहू, प्रवासी. यातलं आम्ही काहीच नव्हतो. कारकुनानं पेन चावत 'इतर' असं लिहिलं. त्यात त्याचा दोष नाही. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तरी शिडानं हिंडणारा माणूस या किनाऱ्याला अजून विचित्रच वाटतो. ज्या किनाऱ्यावर हजारो वर्षं दुसरं काही नव्हतं, तिथं.

याच खाडीनं पंचवीसेक मैल आत गेलं की खारेपाटण लागतं. तिथं सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या १००८ सालच्या ताम्रपटात बंदराचं दरपत्रक आहे. परद्वीपाहून येणाऱ्या जहाजानं एक सोन्याचा गद्याण द्यायचा, कंदलमूलीयहून येणाऱ्यानं एक धरण, आणि चौल व गोव्यातल्या चंद्रपूरहून येणाऱ्यांना माफी. आम्ही चौलवरूनच आलो होतो. कारकुनाला हे सांगून पाहिलं. तो हसला आणि पावती पुढे केली.

दुपारची वेळ

तटावर उभं राहून बंदर बघताना एक गोष्ट खटकते. जी खोली या जागेचं बळ, तीच तिचा घात. उथळ खाड्यांत शिरू न शकणारी मोठी जहाजं इथं सरळ आत येऊ शकतात.

१७५६ च्या फेब्रुवारीत तसंच झालं. किल्ला तुळाजी आंग्र्यांकडे होता. त्यांचं आणि पेशव्यांचं वाकडं आलेलं, आणि पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केलेली. ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि त्यावर रॉबर्ट क्लाइव्हची पलटण. याआधी १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी इथं येऊन हात पोळून घेतले होते. वॉटसननं १२ तारखेला दुपारी जहाजं दोन रांगांत खाडीच्या तोंडातून आत घातली आणि किल्ल्याच्या खाडीकडच्या बाजूला उभी करून मारा सुरू केला.

दुपारी. माघ-फाल्गुनातल्या दुपारी वायव्येचा वारा कसा भरून येतो ते मी आदल्या दिवशी गालावर अनुभवलं होतं. सकाळचे दोन तास वल्ह्यांचे असतील, तर दुपार शिडांची. आंग्र्यांची गलबतं आणि गुराबा त्या वेळी तटाखाली एकमेकींना बांधून उभी होती. त्यांत 'रिस्टोरेशन' नावाचं, १७४९ मध्ये तुळाजींनी इंग्रजांकडूनच पकडलेलं जहाज होतं. त्यावर गोळा पडून आग लागली, ती दोरावरून, शिडावरून शेजारच्या गलबतावर, तिथून पुढच्या. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्याच वर्षी तो पेशव्यांच्या हाती आला खरा, आरमार मात्र पुन्हा त्या तोलाचं झालं नाही.

किल्ल्यावर वाटाडे पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट रंगवून सांगतात. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटली वगैरे. भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी किल्ल्याच्या पश्चिमेला ते दगडी बांधकाम पाहिलंय, त्याची लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास. मोकळ्या समुद्राकडून येणाऱ्याला ते नडलं असेल. वॉटसन मात्र खाडीच्या तोंडानं आला. हे मी वाटाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, ते फितुरीनं." मग त्यानं विषय बदलून 'साहेबाचे ओटे' दाखवले. १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉक्यर साहेबानं इथून हेलियम शोधला, असं इथं सांगतात. ग्रहणाची सावली या भागातून गेली हे खरं, पण हेलियमच्या शोधात ज्यांचं नाव लॉक्यरसोबत घेतात ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सेन त्या दिवशी गुंटूरला होते आणि लॉक्यर इंग्लंडात. ओटे छान आहेत, संध्याकाळी बसायला वारा चांगला लागतो.

तिथीची पाऊणपट

दुसऱ्या दिवशी एकादशी. किनाऱ्यावर भरतीचा हिशेब अजून तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. मामांनी मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, फरक वीस मिनिटांचा. त्या भरतीवर आम्ही रबरी होडीतून तीनेक किलोमीटर आत, आंग्र्यांच्या गोदीकडे गेलो.

बाहेरून कळतही नाही. तिवरांची रांग, मध्ये एक फट. आत शिरलं की कातळात खोदलेला एक प्रचंड हौद, सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. होडी कडेला बांधली आणि चढण चढून गिर्ये गावच्या रामेश्वराला गेलो. देवळाची वाट कातळ कापून खाली उतरवलेली आहे. संभाजी आंग्र्यांची समाधी इथंच, आणि आवारात एक जुनी डोलकाठी उभी आहे. १७८३ मध्ये पेशव्यांच्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी पकडलेल्या 'रेंजर' या इंग्रज जहाजाची ती, असं गावात सांगतात. तिच्या लाकडावर हात ठेवून उभा राहिलो आणि वेळेचं भान गेलं.

साडेबाराला परत आलो तेव्हा गोदीत पाणी नव्हतं. आमची होडी राखाडी चिखलात आरामात बसली होती. ढकलायला म्हणून उतरलो तर मांडीपर्यंत आत. वरून शेळ्या हाकत आलेले एक आजोबा हा सोहळा काठावर बसून बघत होते.

"आता बसा," ते म्हणाले. "पाणी इला काय जावा."

"किती वाजता?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, तिवराच्या बुंध्याकडे पाहिलं. "चार. सव्वाचार."

मग पावणेचार तास त्यांच्या शेजारी बसण्यात गेले, आणि चिखलातल्या होडीकडे बघता बघता गोदीचं काम समजलं. दमकल नाही, यंत्र नाही. उधाणाच्या भरतीला गुराब आत आणायची. ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं, मग तोंड बंद करायचं. जहाज टेकणांवर कोरडं उभं. मग सुतारांनी फळ्या बदलायच्या, सांधे भरायचे, बुडाला चिकटलेली शिंपली-कालवं खरवडायची, कारण ती साचली की जहाजाचा वेग जातो. काम झालं की पुढच्या उधाणाची वाट बघायची. आमच्या होडीची जी फजिती झाली, तीच इथली कारागिरी होती.

आजोबांना आंग्र्यांपेक्षा आगबोटीत जास्त रस होता. खाडीतल्या गावांतली माणसं लाँचनं विजयदुर्गाला यायची, तिथून मुंबईची बोट. आंब्याच्या पेट्या, गिरणीत जाणारी माणसं, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकी. "आवशीची चिठी बोटीन येय, पैशे बोटीन येयत." त्यांचा एक भाऊ बोटीनं गेला तो परत आला नाही. बुडाला वगैरे नाही, लालबागला राहिला. पुढे रस्ते झाले, बोटी थांबल्या आणि विजयदुर्ग हे मुंबईच्या वाटेवरचं गाव न राहता रस्त्याचं शेवटचं टोक झालं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत विजयदुर्ग आहे, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मगे बोट सुरू करतले?"

सव्वाचारला पाणी होडीच्या बुडाला लागलं. ओढत नेताना ते वरून ओरडले, "पुनवेक येवा! मगे पाणी बघशात."

नांगर

परतीचा सगळा प्रवास रात्रीचा. मामांनी तीनचा गजर लावला होता, पण अडीचलाच आम्ही तिघंही वर येऊन बसलो. वारा नव्हता. बंदरातल्या दिव्यांची पाण्यातली उलटी रांग हलत नव्हती. धक्क्यावर कुणीतरी बर्फ फोडत होतं, तो आवाज अगदी जवळून आल्यासारखा येत होता. भाचीनं साखळी ओढायला सुरुवात केली. कडीकडीवर चिखल, हाताला गार आणि सडक्या शेवाळाचा वास. मी बादलीनं धूत होतो.

नांगर वर आला तरी बोट तिथंच. शीड चढवलं, ते लोंबत राहिलं.

"थांबा," मामा म्हणाले.

आधी वास आला. गिर्ये, रामेश्वर, पार आतल्या सड्यांवरच्या कलमांचा मोहोर, त्यात कुठल्या तरी चुलीचा धूर. मग मानेवर गार झुळूक. शिडाची कड थरथरली, आणि किल्ल्याचा काळा तट डाव्या हाताला हळूहळू मागे सरकायला लागला.